महिला संघ, चार ओळी

१ फेब्रुवारी, शनिवार

खेळाचं पान छपाईसाठी संध्याकाळी सातला बंद झालं. चूक नसावी. घरी येताना तीनदा वाटलं की बुद्धिबळाच्या निकालात आडनावं उलटसुलट झाली, पण परत जाऊन बघणं बरं दिसलं नसतं.

आज कॉलेजच्या दोन्ही बास्केटबॉल संघांचे सामने होते. पुरुष संघ एकोणीस गुणांनी हरला. त्याला तीन कॉलम, फोटो आणि मधोमध चौकट, 'कुठे चुकलं?' महिला संघ सव्वीस गुणांनी जिंकला. त्याला 'थोडक्यात' या सदरात चार ओळी, कॅरमच्या खाली.

मी पेपरात खेळाच्या पानाचा फोन घेतो. मैदानावरून निकाल येतात, ते कागदावर उतरवतो, ओळींत बसवतो आणि पान लावणाऱ्याकडे देतो. त्याला सगळे 'घाई' म्हणतात, कारण तो कागद हातात पडायच्या आधीच ओढतो. माझी शाळा सातवीत सुटली. मग छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवले. खिळे गेले तेव्हा मला फोनवर बसवलं. शिकलेल्या माणसांत बसायचं म्हणजे जपून राहावं लागतं.

जपण्याचं मुख्य कारण या वहीतच लिहितो, दुसरीकडे लिहिण्यासारखं नाही. महिला संघाची कर्णधार माझी नात आहे. आमचं आडनाव शहरात दोन-तीन घरांचंच. ते छापलं की ऑफिसात कोणीतरी मान वर करणारच. जाहिरात विभागातल्या एकाने पूर्वी आपल्या भाच्याचं चित्रकलेचं बक्षीस छापून आणलं होतं. भाच्याला आता टक्कल पडलं, तरी ह्याला ऑफिसात अजून 'मामा' म्हणतात. त्याला हाक मारताना शिपाईसुद्धा हसतो.

म्हणून नात संघात आली तेव्हापासून, म्हणजे दोन हंगाम, मी फार काटेकोर आहे. आधी महिला संघाला सहा ओळी देत असे. आता चार. आणि नाव कोणाचंच नाही, म्हणजे कोणावर अन्याय नाही. संपादकसाहेबांनाही हेच पसंत असणार. त्यांनी कधी काही म्हटलं नाही, त्यावरून कळतंच.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नातीने चहा घेता घेता पेपर उघडला आणि आपटला. कप हलला.

"चार ओळी! सव्वीस गुणांनी जिंकलो आम्ही. वर कॅरम आहे, आजोबा. कॅरम! बसून खेळतात!"

मी म्हटलं, जागा नसेल.

"हरलेल्यांना होती की जागा."

"हरण्याला कारणं असतात. ती लिहायला जागा लागते. तुम्ही जिंकलात, तर जिंकलात. त्यात लिहायचं काय?"

आमची ही स्वयंपाकघरातून हसली. मला वाटतं माझ्या मुद्द्याला हसली.

"कोण गाढव बसतं रे त्या पानावर?" नातीने विचारलं.

घरी सगळ्यांना एवढंच माहीत आहे की मी ऑफिसात फोनवर असतो. कुठल्या पानाच्या, हे कोणी कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी म्हटलं, गाढव कशाला म्हणतेस, असेल बिचारा एखादा नियमाने चालणारा माणूस.

"नियमाने चालणारं गाढव," ती म्हणाली आणि सरावाला गेली. दिवसभर छातीत जळजळत होतं. काल रात्रीचं वांगं असावं.

८ फेब्रुवारी, शनिवार

महिला संघ पुन्हा जिंकला. त्यांच्या प्रशिक्षक मॅडमचा फोन साडेपाचला आला. या बाई दर वेळी सगळं सविस्तर सांगतात. पहिल्या सत्रात किती, मध्यांतराला किती, कोणी किती गुण केले. मी सगळं उतरवून घेतो. घेणं आपलं काम आहे. नावं तर मी एकेक अक्षर सुटं करून परत वाचून दाखवतो, म्हणजे त्यांनाही समाधान.

"काका, कर्णधाराने आज एकटीने चोवीस गुण केले. या वेळी तरी नाव येऊ द्या. पोर किती मेहनत घेते, तुम्हाला कल्पना नाही."

कल्पना नाही कशी? पहाटे साडेपाचला तिच्या बुटांचा आवाज माझ्या खोलीवरूनच जातो. पण मी म्हटलं, "बघतो मॅडम. वरच्यांच्या हातात असतं."

"वरच्यांना माझं एवढं सांगाच."

"सांगतो."

फोन ठेवला आणि चार ओळी केल्या. घाईने कागद ओढला. म्हणाला, "काका, तुमचं महिलांचं मोजायलाच लागत नाही. डोळे मिटून बसतं पानात." कामाची अशी पावती कमी मिळते.

पुरुष संघाचा आज सामना नव्हता. त्यांच्या सरावाची बातमी दोन कॉलम.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घरी भलताच प्रसंग उभा राहिला आहे. नातीला राजधानीच्या मोठ्या विद्यापीठाचा अर्ज आला. खेळाडूंसाठी राखलेल्या जागा आहेत. फी नाही, राहणं-जेवण तिथेच, वर परदेशातून शिकवायला आलेले प्रशिक्षक. तिने अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. सगळं जमतंय. उंची, गुण, मॅडमचं पत्र. शेवटी एक कलम निघालं: खेळाडूचे पूर्ण नाव छापून आलेले वर्तमानपत्राचे किमान एक कात्रण जोडावे. मुदत सात मार्च.

"किमान एक," नात म्हणाली. "त्यांना वाटलं असेल, एक तर कोणाकडेही असतं."

ती दुपारी वाचनालयात जाऊन बसली होती. दोन हंगामांचे आमचे अंक काढून पानन्‌पान बघून आली. बोटं काळी झाली होती.

"एकतीस सामने खेळलो आजोबा. पंचवीस जिंकलो. माझं नाव एकदाही नाही. आमच्यापैकी कोणाचंच नाही. आणि ऐक, पुरुष संघाची बस बंद पडली होती ना मागच्या वर्षी? त्या ड्रायव्हरचं नाव आहे. पूर्ण नाव! वयसुद्धा!"

ती बातमी मला चांगली आठवते. ड्रायव्हरच्या नावाची अक्षरं मी दोनदा विचारून घेतली होती.

ही म्हणाली, "अहो, तुम्ही ऑफिसात कोणाला तरी सांगा ना. इतकी वर्षं झाली तुम्हाला तिथे."

मी म्हटलं, बघतो. मग आठवलं, मॅडमनाही हेच म्हटलं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांशी बोलायचं ठरवलंय. गुरुवारी गेलो तर साहेब रागात होते, म्हटलं कशाला तेल ओता. काल गेलो तर खुशीत होते, म्हटलं कशाला विरजण घाला. आज रागात नव्हते, खुशीतही नव्हते. अशा वेळी माणूस काय करेल सांगता येत नाही, म्हणून परत फिरलो.

महिला संघ उपान्त्य फेरीत जिंकला. चार ओळी. मध्येच एकदम जास्त दिल्या असत्या तर लोकांनी विचारलं असतं, आजच का?

२० फेब्रुवारी, गुरुवार

नात सरावाहून आली, बूट काढले आणि तशीच पायरीवर बसून राहिली. मग म्हणाली, "आज मॅडमना विचारलं मी, की तुम्ही पेपरला आमची नावं देता की नाही. त्या म्हणाल्या, दर वेळी देते. फोनवर एक म्हातारे काका असतात. फार सज्जन. नाव एकेक अक्षर सुटं करून परत वाचून दाखवतात."

मी म्हटलं, असं का.

"तूही तसंच करतोस ना? घरी कोणाचा फोन आला की? किराणावाल्याला पत्तासुद्धा तू तसाच सांगतोस."

"जुनी माणसं करतात तसं. पद्धतच होती."

"पेपरात फोन कोण कोण घेतं, आजोबा?"

"असतात तीन-चार जण."

ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती. रागाने बघत होती असं नाही. मग उठून हातपाय धुवायला गेली. जेवताना ताटाकडेच बघत होती. माझी गोळी मात्र आठवणीने ताटाजवळ ठेवली, पाणीही. थकली असावी. अंतिम सामना जवळ आलाय, त्याचं दडपण असणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज हिय्या केला. साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो. ते अंडं खात होते. मी आधी हवापाण्याचं बोललो, मग छापखान्यातल्या जुन्या दिवसांचं, मग म्हटलं की साहेब, एक तारखेला महिला संघाचा अंतिम सामना आहे, तर या वेळेपुरत्या, फक्त या वेळेपुरत्या, चाराच्या जागी सहा ओळी दिल्या तर चालेल का.

"कसल्या चार?"

"महिला संघाला चार ओळी असतात ना."

"का?"

मी म्हटलं, पद्धत आहे.

"कोणाची?"

मला वाटलं माझी परीक्षा बघतायत. मी म्हटलं, "आपलीच, साहेब."

साहेबांनी अंडं खाली ठेवलं. "काका, मला वाटत होतं त्यांच्याकडून तेवढंच येतं. मी म्हणायचो, ह्या पोरी काही सांगतच नाहीत, आपण तरी काय छापणार. लिहा की! अंतिम सामना आहे. चाळीस ओळी लिहा. फोटोग्राफर पाठवतो. मी कधी नाही म्हटलं?"

केवढ्या मनाचा माणूस! पद्धत मोडून चाळीस ओळी दिल्या. मी उगाचच घाबरत होतो. मात्र बाहेर आल्यावर चुकून घाईच्याच खुर्चीत बसलो आणि त्याने विचारलं, काका, बीपी तपासलं का.

१ मार्च, शनिवार

जिंकले! अंतिम सामना, एकसष्ट-साठ. शेवटचे दोन गुण कर्णधाराचे, वेळ संपता संपता. पुरुष संघ उपान्त्यपूर्व फेरीतच बाहेर पडला होता, त्यामुळे पानावर आडवं येणारं कोणी नव्हतं.

मॅडम फोनवर रडत होत्या. "काका, घ्या लिहून. सगळं घ्या."

सगळं घेतलं. मग चाळीस ओळी लिहायला बसलो. आयुष्यात कधी एवढं लिहिलं नव्हतं. पण सुचत गेलं. दोन वर्षं ती जेवताना सांगायची, कसं उजवीकडे जातेय असं दाखवायचं आणि डावीकडून निघायचं, ते सगळं हाताशी आलं. लिहिलं की शेवटच्या क्षणी दोघी अंगावर आल्या तरी तिची नजर बास्केटवरून हलली नाही. घाईने कागद ओढला नाही. उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. "काका, हे तुम्ही लिहिलंत?" म्हणाला.

साहेबांनी एक शब्द बदलला नाही.

घरी नात पदक गळ्यात घालूनच जेवली. मी काही बोललो नाही. उद्या सकाळी बघू दे. एकच कात्रण हवं आहे ना, हे घे म्हणावं, पाऊण पान!

२ मार्च, रविवार

काय लिहू?

सकाळी सहालाच दारात उभा होतो. पेपर आला. वरच फोटो, चार कॉलम बातमी, मोठा मथळा. मी पेपर तिच्या उशाशी ठेवला आणि बाहेर येऊन खुर्चीवर बसलो. ती बाहेर आली तेव्हा पेपर हातातच होता.

"छान लिहिलंय, आजोबा," ती म्हणाली. "ज्याने कोणी लिहिलं, त्याने खूप जवळून बघितलंय."

"असेल कोणी."

"पंचांचं नाव आहे. समोरच्या संघाच्या पाचही जणींची आहेत. बक्षीस देणाऱ्या प्राचार्यांचं आहे. जिचा पाय मुरगळला तिचं आहे, पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरचंसुद्धा आहे." तिने पेपर माझ्या मांडीवर ठेवला. "'कर्णधार' हा शब्द अकरा वेळा आहे. मोजला मी."

मी वाचलं. कर्णधाराने चेंडू अडवला. कर्णधार डावीकडून निघाली. कर्णधाराचे एकतीस गुण. फोटोखाली: चषक स्वीकारताना महिला संघाची कर्णधार. चाळीस ओळी, आणि तिचं नाव नाही. मी शपथेवर सांगतो, मी गाळलं नाही. गाळायला आधी मनात यावं लागतं. ते आलंच नाही. हात त्या जागी पोचला की आपोआप 'कर्णधार' लिहीत होता.

मी म्हटलं, "नजरचूक असेल."

"दोन वर्षांची?"

ही मघापासून दारात उभी होती. म्हणाली, "अहो, तिच्या नावाची लाज वाटते का तुम्हाला?"

म्हणजे हिलाही माहीत आहे. कधीपासून, ते विचारण्याची हिंमत झाली नाही. लाज नाही, असं म्हणायचं होतं. उलट, फार जास्त काहीतरी आहे, आणि ते लोकांना दिसेल याची भीती आहे. पण सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाला हे ऐन वेळी बोलता येत नाही. आत्ता लिहितानाही नीट जमत नाही.

हंगाम संपला. आता सामना नाही, बातमी नाही. मुदत शुक्रवारची.

३ मार्च, सोमवार

दुपारी चारला फोन वाजला. मी उचलला.

"खेळाच्या पानाचा फोन का?"

आवाज ओळखीचा होता. म्हणजे रोजचाच होता. पण असा परका मी कधी ऐकला नव्हता.

"हो," मी म्हटलं.

"मी कॉलेजच्या महिला बास्केटबॉल संघाची कर्णधार बोलतेय. आपल्या कालच्या अंकातल्या बातमीत चूक आहे. मला ती नोंदवायची आहे."

घरी ती मला 'तू' म्हणते. लहानपणापासून. खांद्यावर बसून केस ओढायची तेव्हापासून. आज 'आपल्या' म्हणाली.

छापलेल्या बातमीबद्दल तक्रार आली तर काय करायचं, हे ठरलेलं आहे. जो फोन उचलेल त्याने ती घ्यायची. कोणाकडे ढकलायची नाही. तक्रार करणाऱ्याचं पूर्ण नाव लिहायचं, वाचून दाखवायचं, आणि मागितलं तर आपलं नाव सांगायचं. मग साहेबांची सही घेऊन दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायची. यातून सुटका नाही. हे तिला कुठून कळलं कोण जाणे. मीच कधीतरी जेवताना बढाई मारली असेन.

"बोला," मी म्हटलं.

"बातमीत विजयी संघाच्या कर्णधाराचं नाव नाही."

"लिहिलं. नाव सांगा."

तिने सांगितलं. तिचं, वडिलांचं, आडनाव. सावकाश.

मी एकेक अक्षर सुटं करून वाचून दाखवलं. आडनावही तसंच वाचलं. समोर घाई बसला होता, त्याने मान वर केली. करू दे म्हटलं, अक्षरं पुरी करणं भाग होतं.

"बरोबर," ती म्हणाली. "तक्रार कोणी घेतली, त्यांचं नाव मिळेल का?"

मी सांगितलं. आडनावासकट. घाईने पेन खाली ठेवला.

पलीकडे पेन कागदावर फिरल्याचं ऐकू आलं. मग ती म्हणाली, "धन्यवाद. आपण अक्षरं फार नीट वाचता." आणि फोन ठेवला.

कागद साहेबांकडे नेला. त्यांनी सही करता करता थांबून वर बघितलं. "हे तर तुमचं आडनाव. कोण तुमची?"

"नात."

"आणि हे आज सांगताय? अहो काका, 'आपल्या शहराची मुलगी' म्हणून वर्षभर सदर चालवलं आपण. मुली मिळेनात म्हणून बंद केलं!"

मी सही झालेला कागद उचलला. परत येईपर्यंत घाईने सगळ्या मजल्यावर सांगितलं होतं. जाहिरातवाला मामा खास जिना चढून आला. मी मनाची तयारी केली. तो म्हणाला, "एकसष्ट-साठ! काय पोरगी आहे हो!" आणि पाठीवर थाप मारून गेला. आजोबा वगैरे काही म्हणाला नाही. उद्या म्हणेल.

४ मार्च, मंगळवार

दुरुस्ती आली. पान दोन, खाली उजवीकडे, बसच्या वेळापत्रकाच्या दुरुस्तीखाली. तीन ओळी. नाव पूर्ण आहे. मी सकाळपासून पाच वेळा वाचलं, काना-मात्रा बरोबर आहे. खेळाच्या पानावर पुरुष संघाच्या प्रशिक्षकांची मुलाखत आहे, 'पुढच्या हंगामात नक्की', सहा कॉलम.

नातीने ते कापलं. कात्रण इतकं चिमुकलं की अर्जाला लावताना तिच्या बोटालाच चिकटत होतं.

"अगं, दुरुस्ती चालेल का त्यांना?" हिने विचारलं.

"कात्रण हवं आणि पूर्ण नाव हवं, एवढंच लिहिलंय आजी. कशाचं हवं, ते लिहिलेलं नाही."

मी म्हटलं, "फार लहान आलं गं. पण इलाज नव्हता. दुरुस्तीला तीनच ओळी, असा नियम आहे."

"कोणाचा?"

"पेपरचा."

तिने डिंकाच्या बाटलीला झाकण लावलं. "आजोबा, तू नीट आठव."

ती पोस्टात गेली तेव्हापासून मी आठवतोय. हे साहेब, त्याआधीचे, त्याच्याही आधीचे. कोणी तोंडाने सांगितल्याचं आठवत नाही. एवढं आठवतं की खिळे जुळवायचो तेव्हा एकदा एक दुरुस्ती नऊ ओळींची आली होती, कोणा बाईच्या मेडलबद्दल होती, आणि एवढी लांब बघून कोणी ओरडेल म्हणून मी ती तीन ओळींत बसवली होती. कोणी ओरडलं नव्हतं.